"मी तर फक्त बोललो होतो" : माईकपुढच्या माणसाची जबाबदारी कुठून मोजायची?

शिरीषफूल

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबलाय, आधीच सांगते.

मी शाळेत इतिहास शिकवते. मागच्या आठवड्यात नववीला हिटलरचा धडा चालू होता, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यापर्यंत आलो आणि मी सांगितलं की फाशी झालेल्यांत युलियस श्ट्रायखर नावाचा एक माणूस होता, तो काही सेनापती नव्हता, छळछावणी चालवत नव्हता, 'देर श्ट्युर्मर' नावाचं साप्ताहिक काढायचा. १९२३ पासून वर्षानुवर्षं ज्यूंबद्दल विष. ऑक्टोबर १९४६ मध्ये त्याला फासावर चढवलं. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, "मॅडम, म्हणजे नुसतं लिहिल्याबद्दल फाशी?" मी हो म्हटलं आणि लगेच हेही सांगितलं की त्याच खटल्यात हान्स फ्रिट्शे म्हणून एक आरोपी होता, नाझींच्या रेडिओवरचा ओळखीचा आवाज, भाष्यकार, आणि तो निर्दोष सुटला. झालं, वर्गात कल्ला. दोघांनीही हातात शस्त्र घेतलं नव्हतं मग एकाला फाशी आणि दुसरा घरी कसा? तास संपला पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून रोज रात्री आफ्रिकेतल्या रवांडाबद्दल वाचतेय कारण हा प्रश्न सगळ्यात उघडपणे तिथेच विचारला गेला. जुलै १९९३ मध्ये तिथे आरटीएलएम नावाचं खाजगी रेडिओ स्टेशन सुरू झालं, 'हजार टेकड्या' हे शब्द त्या नावातच आहेत. सरकारी रेडिओ कंटाळवाणा, आणि हे लोक काँगोची नाचायला लावणारी गाणी लावायचे, रस्त्यावरच्या भाषेत बोलायचे, विनोद करायचे, श्रोत्यांचे फोन घ्यायचे. कांतानो हबिमाना हा तर लोकांचा लाडका निवेदक होता. मला हेच वाचून सगळ्यात जास्त अंगावर काटा आला, की ते ऐकायला मजा यायची. आणि त्या मजेतून रोज थोडं थोडं, तुत्सी (तिथला अल्पसंख्य समाज) म्हणजे 'इन्येन्झी', म्हणजे झुरळं. हा शब्द काही त्यांनी शोधला नव्हता, १९६० च्या दशकात रात्री सीमा ओलांडून हल्ले करणाऱ्या तुत्सी बंडखोरांना तो लावला जायचा, यांनी काय केलं तर तो बंडखोरांवरून उचलून शेजारच्या घरातल्या बाईवर, शाळामास्तरावर, पोरांवर चिकटवला. मग ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि पुढच्या शंभरेक दिवसांत सुमारे ८ लाख माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली. त्या काळात हाच रेडिओ माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर सांगत होता.

खटला टांझानियात अरुशाला, संयुक्त राष्ट्रांच्या न्यायालयात चालला. तीन आरोपी, रेडिओच्या संस्थापकांपैकी फर्दिनांद नहिमाना (हा पेशाने इतिहासाचा प्राध्यापक, माझ्याच विषयाचा माणूस, हे मला फार लागलं) आणि जाँ-बॉस्को बरायाग्विझा, आणि तिसरा 'कांगुरा' नावाच्या पत्रकाचा संपादक हसन न्गेझे. डिसेंबर २००३ मध्ये निकाल देताना न्यायाधीश नवनीतम पिल्ले यांनी नहिमानाला सुनावलं की बंदूक, कोयता, कुठलंही हत्यार हातात न घेता तू हजारो निष्पाप माणसांच्या मृत्यूला कारण झालास. तिथपर्यंत वाचून मला वाटलं मिळालं उत्तर.

पण २००७ मध्ये अपील झालं. त्यात न्यायालय म्हणालं की ६ एप्रिलच्या आधीचं प्रसारण द्वेष पसरवणारं होतं खरं, पण ती नरसंहाराची थेट चिथावणी होती असं म्हणता येत नाही. शिक्षा कमी झाल्या, नहिमानाची जन्मठेप ३० वर्षांवर आली. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेलही, मला त्यातलं कळत नाही, पण मला त्या नऊ महिन्यांचं काय ते कळेना. जुलै ९३ ते एप्रिल ९४. माणसाला झुरळ म्हणून म्हणून ऐकणाऱ्याच्या मनातली चीड, लाज, दया सगळी काढून घेतली ती या नऊ महिन्यांत ना? 'मारा' हा शब्द शेवटच्या दिवशी आला. तो ज्या जमिनीत रुजला ती जमीन कुणी नांगरली?

आणि हे लांबचं आहे म्हणून मी लिहीत नाहीये. एप्रिल २०२० मध्ये आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी घराघरांतून एकच आवाज यायचा, तबलिगीवाले, कोरोना जिहाद, मानवी बॉम्ब. अकरा वर्षं आमच्याकडे फळं घेऊन येणाऱ्या चाचांना गेटवर नाव विचारलं आणि परत पाठवलं. त्यांना कुणी मारलं नाही. गाडी वळवून निघून गेले. मी गॅलरीतून बघत होते आणि खाली उतरले नाही. आमच्या सोसायटीतले लोक वाईट नाहीत, त्याच लोकांनी त्याच महिन्यात वॉचमनच्या कुटुंबाला दोन वेळचं जेवण दिलं. मग नाव विचारायचं त्यांना सुचलं कुठून? स्टुडिओत बसून ते शब्द रोज उच्चारणाऱ्याचा त्या गेटशी काहीच संबंध नाही असं मी मानू शकत नाही.

तर सांगा, बोलणाऱ्याची जबाबदारी कुठून मोजायची. शेवटच्या शब्दापासून की पहिल्यापासून?

मोकळा श्वास

ताई, कळकळ पोचली पण मी विरोधात बोलणार आहे, राग मानू नका.

तुम्ही इतिहास शिकवता म्हणून पुण्याचं उदाहरण देतो. जून १८९७, प्लेगचा काळ. १५ जूनच्या केसरीत शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत येतो, अफझलखानाचा वध योग्य होता का यावरची चर्चा त्यात आहे. २२ जूनला चापेकर बंधू प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडतात. सरकार काय म्हणालं? हेच, की लेखणीने पिस्तुलाला वाट दाखवली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला, दीड वर्षाची सक्तमजुरी. १९०८ ला मुझफ्फरपूरचा बाँब झाला, त्यावर केसरीत अग्रलेख लिहिले, परत तोच आरोप, सहा वर्षं मंडाले. आणि आपण ज्याला आज द्वेषाविरुद्धचा कायदा म्हणतो ते १५३-अ कलम पीनल कोडमध्ये कधी आलं माहितीये? १८९८ ला. टिळकांना शिक्षा झाली त्याच्या पुढच्याच वर्षी.

म्हणून भीती वाटते. 'जमीन नांगरणारा' शोधायला लागलात की जो सत्तेवर आहे तो ठरवणार नांगर कुणाच्या हातात होता, आणि तो कधीही आपल्या माणसाच्या हातात दिसणार नाही. थेट चिथावणी हा निकष अपुरा असेल पण निदान त्याला कडा आहेत. त्या कडा पुसल्यात तर पहिला बळी तुम्ही आम्ही लिहिणारेच.

शिरीषफूल

मोकळा श्वास, राग कसला, हे उदाहरण मला सुचायला हवं होतं. दोन दिवस विचार करून लिहिते. एवढंच आत्ता म्हणते की टिळक ज्याच्यावर टीका करत होते त्याच्याकडे फौज होती, कोर्ट होतं, तुरुंग होता. झुरळ कुणाला म्हटलं, तर ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्याला. हा फरक मला छोटा वाटत नाही.

सांजवेळ

+१ शिरीषफूल. वर गेटचं लिहिलंत ते वाचून गप्प झाले. आमच्या इमारतीतही हेच झालं होतं, भाजीवाल्याला आधार कार्ड मागितलं.

गोदाकाठ

छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) वकिली करतो म्हणून थोडं कायद्याचं.

फरक छोटा नाही हे खरं पण तो कलमात लिहिलेला नाही ताई, तिथे फक्त गटागटांत वैर वाढवणं एवढंच आहे, दुबळा कोण बलवान कोण हे कायदा विचारत नाही. आता जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम १९६ झालं, मजकूर जवळपास तोच. आणि यातली मोठी अडचण म्हणजे खटला कोर्टात उभा राहायलाच सरकारची मंजुरी लागते. म्हणजे मोकळा श्वास म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, सरकार नको त्याच्यावर खटला भरतं ही भीती आहेच, पण आपल्याकडे त्याहून जास्त वेळा झालंय ते उलटं, ज्याच्यावर भरायचा त्याच्यावर भरतच नाही.

मुंबईचंच बघा. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलीत ९०० माणसं गेली हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. त्या दिवसांत 'सामना'त आलेल्या अग्रलेखांवर खटला भरा म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा हायकोर्टात गेले. १९९४ मध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळली, सुप्रीम कोर्टानेही दाद दिली नाही. मग सहा वर्षांनी, जुलै २००० मध्ये सरकार बदललेलं असताना बाळासाहेब ठाकरेंना अटक झाली, सगळी मुंबई श्वास रोखून, आणि मॅजिस्ट्रेटने त्याच दिवशी प्रकरण निकाली काढलं, कारण तीन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. अग्रलेख गुन्हा होते की नव्हते यावर त्या कोर्टात पुरावा तपासलाच गेला नाही. कुणाला आवडो न आवडो, पण उत्तर मिळायला हवं होतं, दोन्ही बाजूंना. मुदत संपणं हे काही उत्तर नव्हे.

आणि २०२० चा विषय काढलात म्हणून सांगतो, आमच्याच खंडपीठाचा निकाल आहे, २१ ऑगस्ट २०२०, न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर. अहमदनगर जिल्ह्यात तबलिगच्या २९ परदेशी लोकांवर गुन्हे होते, ते रद्द केले. निकालात स्पष्ट लिहिलंय की छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, आणि संकटाच्या वेळी सरकारं बळीचा बकरा शोधतात. त्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम टीव्ही लावून बसलो होतो. ज्या आवाजात एप्रिलमधल्या त्या बातम्या ऐकल्या होत्या त्याच्या दहाव्या हिश्शानेही ही बातमी ऐकू आली नाही.

डोंगरदऱ्या

माझा मुद्दा वेगळाय. सगळे जण गृहीत धरून चाललेत की रेडिओमुळे माणसं मेली. हे मोजलं गेलंय आणि उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

रवांडा सगळा डोंगराळ, त्यामुळे काही गावांना आरटीएलएम ऐकू यायचा आणि शेजारच्याच टेकडीआड नाही. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट नावाच्या अर्थतज्ज्ञाने हाच फरक धरून २०१४ मध्ये पेपर लिहिला, जिथे सिग्नल पोचत होता तिथे हिंसेत जास्त लोक सामील झालेले दिसतात, आणि एकूण सहभागापैकी साधारण दहा टक्के त्याने रेडिओच्या खात्यावर टाकला. म्हणजे नव्वद टक्के इतर कशामुळे तरी. दुसरीकडे स्कॉट स्ट्रॉस हा अभ्यासक तुरुंगात जाऊन शिक्षा झालेल्या दोनशेवर गुन्हेगारांशी बोलला, तर त्यातल्या बहुतेकांनी रेडिओचं नाव घेतलं नाही. गावातला पुढारी आला, शेजारी गोळा झाले, चल म्हणाले, नाही म्हटलं असतं तर आपल्यावर उलटले असते, असंच सांगत होते.

आपल्याकडचं राईनपाडा घ्या. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूरकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने ठेचून मारले. कुठला अँकर होता तिथे? कुठला अग्रलेख? व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा आणि गर्दी, बस. म्हणून एका चेहऱ्याला पकडून त्याच्या माथी सगळं मारलं की ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत त्या पाच जणांना ओढत नेणारे हात आपल्या नजरेतून सुटतात असं मला वाटतं.

अबोली

मी २०१६ ते २०१९ रवांडाच्या राजधानीत, किगालीत होते, नवऱ्याची नोकरी. हा धागा वाचून राहवलं नाही.

डोंगरदऱ्या, तुमचे आकडे बरोबर असतील. पण दहा टक्के म्हणजे किती माणसं याचा विचार करा. तिथल्या गिसोझीच्या नरसंहार स्मारकात जवळजवळ अडीच लाख माणसं पुरलेली आहेत, मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या काँक्रीटच्या लाद्यांवरून नजर फिरवताना मला कळेचना की हे एवढंसंच दिसतंय आणि खाली एवढी माणसं. आत एका भागात जुने रेडिओ आणि पेपरची कात्रणं लावलेली आहेत. छोटे ट्रान्झिस्टर, आमच्या आजोबांकडे होता तसला, बातम्या आणि आकाशवाणीचं कीर्तन ऐकायला.

दरवर्षी ७ एप्रिलला तिथे शोकसप्ताह सुरू होतो, हॉटेलात गाणी बंद, लग्नं नाहीत. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई त्या आठवड्यात फार कमी बोलायच्या. एकदा मी मोबाईलवर त्यांच्या भाषेतलं एक जुनं गाणं लावलं, मला माहीत नव्हतं, कुणीतरी फॉरवर्ड केलेलं. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या ते बंद करा. मग सांगितलं की हे रेडिओवर लागायचं. एवढंच. बाकी काही नाही बोलल्या आणि मीही विचारलं नाही.

नंतर वाचलं की तिथला लोकप्रिय गायक सिमोन बिकिंदी याच्यावरही अरुशाला खटला झाला, १५ वर्षांची शिक्षा झाली, पण ती गाण्यांबद्दल नव्हती, गाडीवरच्या लाऊडस्पीकरवरून केलेल्या एका आवाहनाबद्दल होती. शिरीषफूल, तुमचाच प्रश्न परत. गाणी सुटली, शेवटचं वाक्य पकडलं गेलं.

स्ट्रॉसला लोकांनी रेडिओचं नाव सांगितलं नाही याचं मला आश्चर्य नाही वाटत. माझ्या सासऱ्यांना विचारा तुमची मतं टीव्हीवरून आली का, ते म्हणतील छे, माझी आहेत.

डोंगरदऱ्या

अबोली, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. स्वतःच्या मनात काय कुठून आलं हे माणसाला सांगता येत नाही हे मान्य. गावातला जो पुढारी "चल" म्हणत होता तोही रेडिओ ऐकतच होता ना, हे मी लिहायला हवं होतं.

किनारा

अमेरिकेत वीस वर्षं झाली, कॅन्ससमध्येच राहतो म्हणून हे.

२००९, मे महिन्याचा शेवटचा रविवार. आमच्या विचिटामध्ये डॉ. जॉर्ज टिलर चर्चच्या दारात आलेल्यांचं स्वागत करत उभे होते, तिथे स्कॉट रोडर नावाच्या माणसाने त्यांना गोळी घातली. डॉक्टर उशिराच्या टप्प्यातले गर्भपात करायचे, १९९३ मध्ये त्यांच्या दोन्ही हातांत गोळ्या मारल्या गेल्या होत्या, दवाखान्यावर १९८६ मध्ये बाँब टाकला होता, म्हणजे धोका सगळ्यांना माहीत होता. आणि हे माहीत असताना २००५ पासून बिल ओ'रायली फॉक्स न्यूजवरच्या त्याच्या कार्यक्रमात पंचवीसहून जास्त वेळा त्यांचं नाव घेत राहिला, 'टिलर द बेबी किलर' हे यमक लाखो लोकांच्या तोंडी बसवलं. खुनानंतर त्याने खुनाचा निषेध केला आणि आपण जे बोललो ते खरंच होतं म्हणून सांगितलं.

कायद्याने त्याला कुणी हात लावू शकत नाही, इथे १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालापासून तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू आणि तशी शक्यता दोन्ही असल्याशिवाय बोलणं गुन्हा होत नाही. मी त्या निकालाच्या बाजूने आहे, मोकळा श्वास यांच्यासारखाच. आणि रोडर ओ'रायली बघूनच गेला असं कुणी सिद्धही केलेलं नाही, तो आधीपासूनच टोकाचा होता. तरी मला एक कळतं. एका माणसाच्या जिवावर आधीच एकदा बेतलेलं आहे, त्याचा पत्ता सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या दारावर रोज माणसं उभी असतात, अशा वेळी त्याला पाळण्यातल्या बाळांचा खुनी म्हणून हसत हसत नाव ठेवायचं, ते एकदा नाही, चार वर्षं, आणि मग म्हणायचं माझा काय संबंध. तुरुंग नको, पण चॅनेलमध्ये एकही संपादक नव्हता का ज्याने सांगावं की विषयावर हवं तेवढं बोल, ते यमक बंद कर?

इथे उत्तर मिळालं ते पैशाच्या वाटेने. सँडी हूकच्या शाळेत २०१२ मध्ये वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, अ‍ॅलेक्स जोन्स सांगत सुटला की सगळं नाटक आहे, आईबाप पगारी नट आहेत. त्या आईबापांना धमक्या, पाठलाग, घरं बदलावी लागली. त्यांनी बदनामीचे दावे लावले, ऑक्टोबर २०२२ मध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने ९६.५ कोटी डॉलर भरपाई ठरवली. सरकारने काहीच ठरवलं नाही, ज्यांचं नुकसान झालं ते कोर्टात गेले.

गोदाकाठ

किनारा, आपल्याकडे तीच वाट बघा किती अरुंद आहे. बदनामीचा दावा व्यक्तीला लावता येतो, अख्ख्या समाजाला नावं ठेवली तर शिरीषफूल यांच्या फळवाल्या चाचांनी कुठल्या कोर्टात जायचं? आणि चॅनेलवाल्यांचीच जी स्वनियमन संस्था आहे ती जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करत होती, ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द सुप्रीम कोर्ट म्हणालं की एवढ्याने काय होणार, दंड त्या कार्यक्रमातून झालेल्या कमाईच्या प्रमाणात हवा. एका जाहिरातीच्या ब्रेकमध्ये भरून निघेल इतका दंड म्हणजे परवाना शुल्कच झालं ते.

वाटसरू

इथे फक्त वाचत असतो, आज लिहितो. वय ७२.

९२-९३ साली एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. नाव सांगत नाही, पेपर अजून निघतो. जानेवारी ९३ मध्ये एका रात्री जोगेश्वरीची बातमी टेबलावर आली, राधाबाई चाळीची, ८ जानेवारीच्या पहाटे तिथल्या खोलीला बाहेरून कडी घालून आग लावली होती, आत हिंदू कुटुंबं होती. बातमी भयंकर होती आणि खरी होती. छापायची की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता मथळ्याचा. मी एक मथळा लिहिला, त्यात काय घडलं, किती माणसं गेली एवढंच होतं. वरून दुसरा आला, त्यात 'आता तरी' असे दोन शब्द होते. आता तरी काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं. वाचणाऱ्याने पूर्ण करायचं होतं.

मी म्हणालो हे दोन शब्द काढू या. ऐकलं गेलं नाही, मग मीही प्रूफवर सही केली आणि पहाटेच्या लोकलने घरी गेलो. पुढच्या दिवसांत शहरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या दोन शब्दांमुळे झालं का? डोंगरदऱ्या म्हणतील मोजता येत नाही, बरोबर आहे, नाहीच येत. पण ते शब्द कशासाठी घातले होते हे त्या रात्री त्या खोलीतल्या आम्हा चौघांना पक्कं माहीत होतं. वकीलसाहेब, कायद्याला हेतू शोधावा लागतो, साक्षीपुरावे लागतात. लिहिणाऱ्याला स्वतःचा हेतू शोधावा लागत नाही.

शिरीषफूल, तुम्ही विचारलंत कुठून मोजायचं. मी त्या दोन शब्दांपासून मोजतो. तीस वर्षं झाली, मोजतोय.

सांजवेळ

काका… लिहिलंत हे फार बरं केलंत.

मोकळा श्वास

वाटसरू काका, तुमच्या प्रतिसादानंतर वाद घालायला मन होत नाही तरी एक लिहितो कारण ते महत्त्वाचं वाटतं. मी अजूनही म्हणतो की त्या दोन शब्दांसाठी पोलीस नकोत. पण मी इतकी वर्षं 'कायदा नको' म्हणजे 'जबाबदारी नाही' अशाच थाटात बोलत आलोय, इथेही तसंच बोललो, ते चुकलं. तुमच्या खोलीत चौथ्या माणसाने तुमच्या बाजूने तोंड उघडलं असतं तर कदाचित मथळा बदलला असता. तिथे कायद्याचं कामच नव्हतं.

पालघरच्या वेळी मी हे उघड्या डोळ्यांनी बघितलंय. १६ एप्रिल २०२०, गडचिंचले, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, चोर समजून जमावाने मारले. पुढच्या काही दिवसांत टीव्हीवर त्याला धर्माचा रंग चढला, शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना पकडलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. मी तेव्हा म्हणालो होतो, बोलू द्या त्यांना, लोक शहाणे आहेत. तोच एप्रिल. शिरीषफूल यांच्या गेटवरचाही तोच महिना.

शिरीषफूल

सगळ्यांचे आभार, खूप शिकले. दोन दिवस म्हणाले होते, चार लागले.

फ्रिट्शेबद्दल परत वाचलं. न्यायालयाने त्याला सोडताना म्हटलं होतं की त्याच्या भाषणांत ज्यूद्वेष होता पण ज्यूंचा छळ करा, त्यांना संपवा असं आवाहन नव्हतं. श्ट्रायखरने ते उघड लिहिलं होतं, आणि पूर्वेकडे ज्यू मारले जातायत हे माहीत असताना लिहीत राहिला. म्हणजे १९४६ लाच रेघ तिथे ओढली गेली होती आणि २००७ ला अरुशाने ती त्याच जागी ठेवली. फ्रिट्शेला पुढे जर्मनीतल्याच दुसऱ्या कोर्टाने नऊ वर्षांची शिक्षा दिली आणि १९५० मध्ये सोडलं. मला आता त्या रेघेवर पूर्वीइतका राग नाही, मोकळा श्वास यांनी टिळकांचं सांगितल्यामुळे. पण त्या रेघेच्या अलीकडे जे आहे ते कुणाचंच नाही असं आपण वागतो, ते मला मान्य नाही.

अजून एक सापडलं, कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. मे १९९४ मध्ये, कत्तल चालू असताना अमेरिकेच्या संरक्षण खात्यात विमानातून आरटीएलएमचा सिग्नल बंद पाडायचा विचार झाला होता. तासाला साधारण साडेआठ हजार डॉलर खर्च येईल आणि कायद्याच्याही अडचणी, म्हणून नको ठरलं. तेव्हा उशीर झाला होता तरी तासाचा हिशोब करत बसले होते.

उद्या नववीचा तास आहे. फळ्यावर फक्त तारखा लिहिणार आहे, जुलै १९९३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत, महिन्याला एक ओळ, समोर रिकामी जागा. मुलांना विचारणार आहे की या प्रत्येक महिन्यात रवांडात कोण कोण काय करू शकलं असतं, निवेदक, त्याचा तंत्रज्ञ, मालक, जाहिरात देणारा, ऐकणारा, शेजारी. एप्रिलची ओळ भरायची नाही असं सांगणार आहे.

आणि चाचांचा पत्ता काढला. आता मंडईच्या मागच्या बाजूला बसतात, त्यांचा मुलगा असतो गाडीवर. शनिवारी जाऊन येते. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

वाटसरू

जाऊन या. आणि मुलांनी काय लिहिलं ते इथे जरूर टाका, विशेषतः तंत्रज्ञाच्या ओळीत.